दांडीवरचा शर्ट

मघाशी शर्ट धुतला. हॉटेलच्या बेसिनमध्ये, गरम पाण्यात, डबीतल्या साबणाच्या तुकड्यानं. आधी कॉलर, मग मनगटं, मग काखा. बाकीच्या शर्टाला नुसतं पाणी दाखवलं तरी भागतं. पिळला मात्र नाही. पिळला की अशा सुरकुत्या पडतात, की त्या इस्त्रीलाही दाद देत नाहीत. जाड टॉवेल पलंगावर पसरला, त्यावर शर्ट आडवा केला, दोघांची मिळून वळकटी केली आणि ती जमिनीवर ठेवून तिच्यावर अनवाणी उभी राहिले. टॉवेल भिजला, शर्ट निम्मा कोरडा झाला. मग हँगरला लावून खिडकीपाशी टांगला. खिडकीबाहेर वाळवंटातलं शहर आहे आणि खोलीतली हवाही तशीच कोरडी. चहा करून पिईपर्यंत बाह्या वाळल्यासुद्धा.

शर्ट टांगला की मी घरी फोन करते. हा आता नेमच झाला आहे. आई भाट्याला असते, रत्नागिरीची खाडी ओलांडली की लगेच. आज फोन उचलताच तिनं विचारलं, "वाळत घातलास?"

"घातला."

"बरा झाला. हितं पाऊस धरून हाय बघ. काय पण सुकत नाय."

कोकणातली बाई श्रावणात कपडे सुकत नाहीत म्हणून करवादते, त्यात नवल काही नाही. पण आई करवादत नव्हती. तिच्या आवाजात एक समाधान होतं. ते कुठून आलं, हे मला ठाऊक आहे, आणि ते आठवलं की एक अख्खा पावसाळा माझ्या अंगावर ओल्या कपड्यांसारखा येऊन पडतो.

मी मालवाहू विमानं चालवते. माझ्या मागे माणसं नसतात, खोकी असतात. औषधं, सुटे भाग, फुलं, मासे, एकदा तर शर्यतीचे घोडे. घरातून निघाले की दोन-तीन आठवडे बाहेर. वेळापत्रक हातात असतं, पण ते पहिल्या मुक्कामापर्यंतच खरं. पुढं माल जिकडे नेईल तिकडे आम्ही. सकाळी घामानं शर्ट पाठीला चिकटतो आणि त्याच दिवशी संध्याकाळी बर्फातून विमानाची शिडी उतरावी लागते. एवढ्या सगळ्याला पुरतील असे कपडे न्यायचे म्हटलं तर ट्रंक लागेल. म्हणून उलटं करायचं. कमीत कमी न्यायचं आणि रोज धुवायचं. तीन पांढरे शर्ट, लवकर वाळणाऱ्या कापडाच्या पँटी, एक जीन्स, एक पातळ स्वेटर, त्यावर घालायला जाकीट. बेसिनचं भोक बुजवायला एक चपटी रबरी चकती, कारण निम्म्या हॉटेलांत बेसिनचं बूच बसत नाही. आणि पिळाची एक दोरी, तिच्या पिळातच कपड्याचं टोक अडकवता येतं, चिमटे लागत नाहीत. बस. यापलीकडे काही सोबत घ्यावंसं वाटलं, की मी ते एकदा बॅगेत ठेवते आणि निघताना काढून टाकते.

हॉटेलच्या लाँड्रीवर आमच्यात कुणी विसंबत नाही. आमच्या एका कॅप्टननी एकदा पँट धुवायला दिली, आणि उड्डाण अचानक अलीकडे आलं. लाँड्रीला कुलूप. मग साहेब वर चार सोनेरी पट्ट्यांचा कडक गणवेश आणि खाली विटकी जीन्स अशा थाटात समुद्र ओलांडून आले. मागच्या खोक्यांनी तक्रार केली नाही. पण तेव्हापासून ते स्वतः बेसिनपाशी उभे राहून पँट धुतात आणि मला विचारतात, "तुला हे सगळं कुणी शिकवलं?"

मला बाबांनी शिकवलं. बाबा जहाजावर इंजिनखोलीत होते. तेलानं माखलेले कपडे ते तरुणपणी दोरीला बांधून जहाजाच्या मागे समुद्रात सोडून देत, असं ते सांगतात. जहाज चालत राही, समुद्र कपडे घुसळत राही. वर ओढल्यावर मळ गेलेला, पण कापड मिठानं इतकं ताठ, की पँट भिंतीला टेकवून उभी करता यायची. एकाची दोरी तुटली आणि त्याचे कपडे कुठल्या तरी किनाऱ्याला गेले, तो माणूस पुढच्या बंदरापर्यंत दुसऱ्यांच्या लुंग्यांवर राहिला. टॉवेलच्या वळकटीवर उभं राहायची युक्ती बाबांचीच. पँट गादीखाली घालून वर झोपायचं, ही पण त्यांचीच.

सामान आवरतं नेणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. जाताना आई पेटीत मसाला, आमसुलं, सुके बांगडे, लोणच्याची बरणी असं काय काय कोंबायची आणि बाबा मुकाट्यानं नेत. येताना तीच पेटी साबण, कपबश्या, ब्लँकेटं, माझ्यासाठी बाहुली असं घेऊन यायची. त्यांच्या जाण्यायेण्याला वजन होतं. पेटी उचलायला दोन माणसं लागत, म्हणून ते निघाले की सगळ्या वाडीला कळायचं.

ते निघाले, की घरात एक गोष्ट कटाक्षानं पाळली जायची. माणूस लांबच्या प्रवासाला निघाल्यावर लगेच केर काढत नाहीत, हे पुष्कळ घरांत आहे. आमच्याकडे त्याच्यापुढं आणखी एक होतं. निघायच्या दिवशी सकाळपर्यंत बाबांच्या अंगात जो शर्ट असे, तो ते दाराआडच्या खुंटीला अडकवून जात. तो धुवायचा नाही. बोट पहिल्या बंदराला लागली असा निरोप येईपर्यंत तो तसाच, घामाचा, खुंटीवर. निरोप यायचा नाक्यावरच्या दुकानातल्या फोनवर. दुकानदार हाक मारायचा, आई पदर खोचून धावत जायची, धावत यायची, आणि आल्या पावली खुंटीवरचा शर्ट काढून विहिरीजवळच्या दगडावर आपटायला घ्यायची. मी शाळेतून येताना लांबूनच तो आवाज ऐकला की समजायचे, बाबा पोचले. हे कुणी मला सांगितलं नव्हतं. आईला विचारलं असतं तर तिनं म्हटलं असतं, मळला व्हता म्हणून धुतला.

मी वैमानिक झाले आणि हे सगळं आपोआप संपलं, असं मी धरून चालले होते. एक तर मी पुष्कळदा मुंबईच्या खोलीवरूनच निघायचे. आणि भाट्याहून निघाले तरी मागे काही ठेवायचे नाही. सगळं धुऊन, वाळवून, बॅगेत. खोली अशी आवरलेली, की उद्या कुणी पाहुणा उतरला तरी त्याला केस सापडणार नाही. याचा मला अभिमान होता. बाबा थट्टेनं म्हणायचे, "बाय, तू जातंस का पळून जातंस?"

मग तो पावसाळा आला.

सर्दी बरी झाली म्हणून मी कामावर गेले होते. ती बरी झालेली नव्हती. विमान खाली उतरू लागलं आणि उजव्या कानात कुणी सळई सारावी तशी कळ आली. मग काही तरी ओलं, कोमट, मानेवर ओघळलं. कानाचा पडदा फाटला होता. विमान नीट उतरलं, कॅप्टननी उतरवलं, मी शेजारी बसून फक्त उतरतानाच्या तपासणीच्या याद्या वाचत होते आणि माझाच आवाज मला भांड्यातून आल्यासारखा ऐकू येत होता. मुंबईला आल्यावर डॉक्टरांनी माझ्या कागदावर तात्पुरती अपात्र असा शेरा मारला. पडदा आपोआप भरून येतो बहुतेक वेळा, म्हणाले. नाही आला तर शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर बघू. त्या बघू शब्दाशी मी बराच वेळ बसून राहिले होते.

मी भाट्याला आले तेव्हा आषाढ चालू होता. बॅग खोलीच्या दाराशी उभी करून ठेवली, नेहमीसारखी, भरलेली. आठवड्याभरात परत जायचंच आहे, मग कशाला उघडायची. आई कपाटातला एक खण रिकामा करून पुसून माझ्याकडं बघत राहायची. मी दिसलं नाही असं करायचे.

कोकणातल्या पावसात धुणं हे वेगळंच प्रकरण असतं. इथं कपडे वाळत नाहीत, फक्त कमी ओले होतात. पडवीत आढ्याला बांबूची एक लांब दांडी टांगलेली. आधी तिच्यावर धुतलेले, दुसऱ्या दिवशी तेच सरकवून कडेला, त्यांच्या शेजारी नवे ओले. परकर, टॉवेल, बाबांच्या चट्ट्यापट्ट्याच्या चड्ड्या, सगळ्यांना एकच कुबट वास. अंगात घालताना कापड गार लागायचं आणि मग अंगाच्या उबेनं थोडं वाळायचं. आई दिवसातून चार वेळा जाऊन प्रत्येक कपडा चिमटीत धरून बघायची. मध्येच उघडीप पडली, आभाळाला जरा पांढुरकी झाक आली, की ती हातातलं टाकून धावायची. सगळं अंगणातल्या दोरीवर घालायची. शेवटचा कपडा घालून होतो न होतो तोच माडांच्या शेंड्यांवर सर वाजायला लागायची आणि मग आम्ही दोघी ते सगळं कवटाळून पडवीत. "जल्ला तो पाऊस," आई म्हणायची, दर वेळी तेवढ्याच मनापासून.

मी हे काम अंगावर घेतलं. दुसरं करायला होतं तरी काय. डोक्यावरून पाणी घ्यायचं नव्हतं, कानात थेंबसुद्धा जाऊ द्यायचा नव्हता. ज्या घरात भिंतींनाही घाम फुटला होता, तिथं मी एक कान कोरडा ठेवायचा प्रयत्न करत होते. आई लसूण घालून कोमट केलेलं खोबरेल घेऊन मागे लागायची. डॉक्टरांनी तेल घालायचं नाही म्हणून बजावलंय, असं सांगितलं की वाटी घेऊन जायची आणि थोड्या वेळानं पुन्हा यायची. बाबा पडवीतल्या खुर्चीवरून म्हणायचे, "गो, तो कान हाय, वांगा नाय."

एकदा बॅग हलवायला गेले आणि हाताला ओशट लागलं. आत उघडून पाहिलं. वरच्या पांढऱ्या शर्टावर, खांद्याशी, मोहरीएवढे काळे ठिपके. त्याच्या खालच्यावरही. जगभर फिरून न मळलेला शर्ट माझ्याच घरात, बंद बॅगेत बुरसला होता. मी ते शर्ट बाहेर काढले, लिंबू-मीठ चोळून ठेवले, बाकीचे कपडे झटकून आईनं रिकाम्या केलेल्या खणात लावले. आई दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो तिला लपवता आला नाही. आणि मला त्या आनंदाचा इतका राग आला, की मी तिच्याकडं पाठ करून उगाच घड्या मोडून पुन्हा घालत बसले.

त्याच दुपारी मी धुण्याच्या झपाट्यात होते. पडदे, चादरी, जे दिसेल ते. माझ्या खोलीच्या दाराआडच्या खुंटीवर बाबांचा जुना रेनकोट असायचा, तो काढला तर त्याच्या मागे एक उशीचा अभ्रा लटकलेला. निळ्या फुलांचा, माझ्याच उशीचा. मळका, आंबूस वासाचा. विसरला असेल म्हणून मी तो बादलीत टाकला, खसाखसा धुतला आणि दांडीवर घातला.

आई वाडीतून आली. दांडीकडं बघून थबकली. "ह्यो कुणी धुतला?"

"मी. केवढा वास येत होता त्याला."

ती आत जाऊन भाजी चिरायला बसली. आई गप्प बसते तेव्हा घराला कळतं. मी बाबांकडं पाहिलं. बाबांनी चष्मा काढून पंच्यानं पुसला, पुन्हा लावला.

"तू काय मागं ठेवतंस नाय," ते म्हणाले. "मग ती तुझ्या उशीचा अभ्रा काढून ठेवतं. तू येईपर्यंत."

मी स्वयंपाकघरात गेले. "आई, पण मी पोचल्यावर कळवते की. प्रत्येक ठिकाणाहून मेसेज करते."

"करतंस ना. म्हणूनच." विळीवरचा तिचा हात थांबला नाही. "तू पोचतंस तरी किती वेळा गो? तुझ्या बाबांचा बरा व्हता. बोट एकदा लागली की लागली, माझा जीव भांड्यात पडला. तू आज हितं पोचलंय म्हणतंस, तवर उद्या परत वर. परवा तिसरीकडं. त्यातला कुठला धरायचा मी? कुठल्या मेसेजवर धुवायला काढू?"

इतकी वर्षं मी आले, पोचले, उतरले असं लिहीत होते आणि त्यातलं एकही पोचणं आईच्या हिशेबी धरलं गेलं नव्हतं. तिच्या लेखी मी घरातून निघाल्यापासून घरी येईपर्यंत आभाळातच होते. दोन-तीन आठवडे एका दमात. आणि तेवढा वेळ तो अभ्रा रेनकोटामागं, कुणाला दिसू नये म्हणून.

"आणि ह्या वेळी तर तू घरात आलीस तरी धुतला नाय," ती हळू आवाजात म्हणाली. "तुझी बॅग दारातच उभी. म्हटला, ही अजून पोचलं नाय."

त्यानंतर कान पुन्हा दुखायला लागला. रत्नागिरीतल्या कानाच्या डॉक्टरांनी आत दिवा टाकून पाहिलं आणि म्हणाले, बुरशी धरली आहे; या दिवसांत इथं पुष्कळांना होते. पडदा भरून येत होता तो थांबलाय. मी घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, "शर्टाला आली तशीच?" मी हो म्हटलं आणि हसायला गेले आणि मला रडू आलं. मी चांगली मोठी बाई आहे, रात्रीच्या वादळात धावपट्टी शोधून विमान टेकवलेलं आहे मी, आणि पडवीत ओल्या चादरींच्या मागे उभी राहून रडत होते. हे काम गेलं तर मी कोण, हे मला खरंच माहीत नव्हतं. दुसरं काही मला येत नाही. यावं असं कधी वाटलंही नाही.

चादरीच्या पलीकडून आईचा आवाज आला. ती अलीकडे आली नाही, तिथूनच बोलली. "तुझा कान बरा व्हवा असा वाटतंय मला. आणि तू हितंच ऱ्हावंस असा पण वाटतंय. दोन्ही एकाच देवाला कसा सांगायचा, ता कळत नाय. म्हणून हल्ली दिवा लावतंय नि गप बसतंय."

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळं वाटलं. तिला काय हवंय आणि मला काय हवंय, हे दोन्ही एकाच दांडीवर उघड्यावर आलं होतं.

श्रावणातले पुढचे दिवस मला फार स्पष्ट आठवतात, जरी त्यांत घडलं असं काहीच नाही. डॉक्टर कान साफ करायचे, थेंब द्यायचे. मी पुलावरून चालत घरी यायचे. खाडीचं पाणी गढूळ, तांबडं, समुद्राला मिळताना एक रेघ आखल्यासारखं वेगळं दिसायचं. घरी आई आणि मी मिळून घड्या घालायचो. चादरीची दोन टोकं तिच्याकडं, दोन माझ्याकडं. झटका, जवळ या, लांब जा, पुन्हा जवळ. लहानपणी हा खेळ वाटायचा. आता आईचे हात खांद्याच्या वर जात नव्हते, म्हणून मी वाकून घडी तिच्या उंचीला आणायचे. हे मी एरवी पाहिलंच नसतं. आठवड्याच्या सुट्टीला येणाऱ्या माणसाला घडी घातलेल्या चादरी दिसतात, घालणारे हात दिसत नाहीत.

आणि एक दिवस डॉक्टरांनी दिवा बंद करून सांगितलं, पडदा भरला. कान कोरडा आहे.

कंपनीला कळवलं, तर त्यांना घाईच होती. परवा मुंबईत या. वैद्यकीय तपासणी, ती पार पडली तर लगेच दुसऱ्या दिवशी सिम्युलेटरवर उजळणी. आमच्याकडे त्यालाही गणवेश लागतो. तिन्ही शर्ट मी धुतले. ठिपके बहुतेक गेले होते. पण बाहेर झड लागलेली, आणि वीज गेलेली. इस्त्री नाही, पंखा नाही. टॉवेलच्या वळकटीवर उभी राहिले, तर टॉवेलच आधी ओला. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टांना हात लावला. जसे होते तसेच. संध्याकाळी गाडी होती.

बाबा म्हणाले, ओलाच घालून जा, अंगावर सुकेल. मी एक तसाच अंगात घातला आणि बाकीचे दोन ओलेच पिशवीत भरायला घेतले. तेवढ्यात आई मागच्या दारानं भिजत आली, हातात कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं. तिनं ते फडक्यानं पुसलं. शेगडीत करवंट्या पेटवल्या, धूर जाऊन नुसते निखारे राहीपर्यंत वारा घातला, मग शेगडीवर डालगं पालथं घातलं आणि त्यावर माझा शर्ट पसरला. मी तान्ही असताना माझी दुपटी पावसाळ्यात अशीच वाळवायची, म्हणाली. शर्टातून वाफ निघायला लागली. ती तिथंच पाटावर बसली. शर्ट एका जागी ठेवला तर करपेल, म्हणून दर थोड्या वेळानं सरकवत, उलटत, हात फिरवून ऊब बघत. मी म्हटलं, मी करते. म्हणाली, "तुला जमायचा नाय, तू भरायला घे." सगळी दुपार ती निखाऱ्यांशी बसली होती. तोंड लाल झालेलं, डोळ्यांना पाणी. जिला माझं जाणं नको होतं, ती माझे जायचे कपडे वाळवत होती. मी दारात उभी राहून पाहत होते आणि मला तिच्याबद्दल जे वाटलं, ते तिला सांगता आलं नाही. आता इथं लिहिते आहे.

दोन शर्ट वाळले. तिसरा मी घालून बसले होते, दमट, सकाळपासून. निघायची वेळ झाली तशी मी आईनं वाळवलेल्यातला एक घातला, दुसरा बॅगेत ठेवला. आणि अंगातून काढलेला तिसरा शर्ट, घामाचा, धुराचा, दाराआडच्या खुंटीवर अडकवला. आईनं पाहिलं.

"दोनात भागल?"

"भागवीन. रोज धुवायचाच तर आहे."

"आणि ह्यो मी कधी धुवायचा?" तिनं विचारलं. हा प्रश्न राहिलाच होता. रिक्षा दारात आलेली, बाबा बॅग उचलायला उठले आणि तिचं वजन बघून हसले, आणि आई खुंटीपाशी उभी राहून विचार करत होती. मग तिनंच तोड काढली. "विमान उतरला, ता नको सांगूस. हाटेलात गेलीस, शर्ट धुतलास नि वाळत घातलास की फोन कर. ओला कपडा दोरीवर टाकून माणूस लगेच कुठं जात नाय. ता पोचणा मी धरीन."

त्या उजळणीला परीक्षक माझ्या शेजारी बसले, त्यांनी नाक वर करून दोनदा हवा हुंगली आणि म्हणाले, "काही जळतंय का?" सिम्युलेटरमध्ये इंजिनला आग लागल्याचा सराव असतोच, त्यामुळे मी आधी सगळे काटे पाहिले. मग लक्षात आलं. "माझा शर्ट आहे, सर. करवंट्यांवर वाळवलाय." ते रायगडकडचे होते. उतरताना त्यांनी दरवाजा माझ्यासाठी धरून ठेवला.

पहिल्या मुक्कामी शर्ट धुतला तेव्हा तो वास पाण्याबरोबर गेला. मला तो जाऊ द्यायचा नव्हता, पण दोनच शर्ट होते. टांगला आणि फोन केला. "घातला," म्हटलं. आईनं फोन तसाच कुठं तरी ठेवला होता. मला नळ सोडल्याचा आवाज आला, बादलीत पाणी पडल्याचा, आणि मग दगडावर शर्ट आपटल्याचा. मी फोन कानाला लावून पलंगावर बसले होते. उजव्या कानाला. नीट ऐकू येत होतं.

तेव्हापासून तसंच चाललंय. मधल्या काळात मी घरी कपडे वाळवायचं मशीन घेतलं. आई त्याला आधी नावं ठेवायची, आता शेजारणींना दाखवते. बाबांचे कपडे, चादरी, टॉवेल, सगळं त्यात जातं आणि पापडासारखं कोरडं होऊन बाहेर येतं. एक माझा शर्ट तेवढा ती त्यात घालत नाही. तो पडवीतल्या दांडीवर, एकटा.

आजही तो धुऊन दांडीवर टाकून ती फोनवर परत आली, तेव्हा मी तिला तेच विचारलं. "मशीन आहे ना आई, त्यात का नाही टाकत? चार दिवस लोंबत राहील तो."

"ऱ्हावंदे."

"अगं, पण वास येईल."

"तुझा तिकडचा सुकला?" तिनं उलट विचारलं.

मी खिडकीकडं पाहिलं. शर्ट हँगरवर अगदी कोरडा, हलका. पहाटे उड्डाण आहे. हा अंगात घालून मी निघणार, आणि पुन्हा आभाळात.

"सुकत आलाय," मी म्हटलं.

"बघ. तुझा सुकला की तू निघालीस," आई म्हणाली. "माझा अजून ओला हाय. तो ओला हाय तवर तू पोचलेलीच हायस. म्हणून पावसाळा बरा गो. लवकर सुकत नाय."

मागे पाऊस ऐकू येत होता. बाबा काही तरी म्हणाले, ती त्यांना थांबा म्हणाली. मग पावलांचा आवाज, आणि मला कळलं, ती पडवीत जाऊन शर्ट चिमटीत धरून बघते आहे.

"हाय," ती म्हणाली. "चांगला ओला हाय."